स्टीव्हियाच्या पानांची पांढरी पूड घरी खरंच होते का?

गच्चीवाली (इंदिरानगर, नाशिक)

नमस्कार मंडळी. प्रश्न एका ओळीचा आहे, पण मागचं रामायण ऐकल्याशिवाय नीट उत्तर मिळणार नाही, म्हणून थोडं सहन करा.

माझ्या गच्चीत स्टीव्हियाच्या नऊ कुंड्या आहेत. फेब्रुवारीत दोनच रोपं आणली होती. नर्सरीवाला तिला 'गोड तुळस' म्हणाला. तुळशीशी तिचं काही नातं नाही, ही झेंडू-शेवंतीच्या कुळातली. पण पान तोंडात टाकलं आणि मी चकितच झाले. साखरेपेक्षा गोड, आणि ती गोडी जिभेवरून हलायचं नाव घेत नाही. शेंडे खुडून, फाटे टोचून दोनाच्या नऊ केल्या.

हे सगळं अण्णांसाठी. अण्णा म्हणजे माझे सासरे, वय ७४, शुगर गेली पंधरा वर्षं. सराफ बाजारात आमचा छोटासा गाळा आहे. तो आता हेच बघतात, पण अण्णा अजून दुपारी दोन तास जाऊन बसतात. हाडाचा सोनार माणूस, सगळं तोलून मापून. फक्त चहा आला की तोल जातो. बिनसाखरेच्या चहाला ते 'सुतकातला चहा' म्हणतात. विकतच्या गोड गोळ्या गुपचूप टाकून पाहिल्या, पहिल्या घोटाला पकडलं.

पहिला प्रयोग जुलैत केला. गोदावरीच्या पुरात दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं होतं तोच आठवडा, म्हणजे मुहूर्त बघा. हॉलमध्ये पंख्याखाली वर्तमानपत्रावर पानं पसरली. चार दिवसांनी ती वाळण्याऐवजी काळी पडली आणि खोलीला ओल्या गोणपाटासारखा वास यायला लागला. सगळी कंपोस्टात.

दुसरा ऑक्टोबर हीटमध्ये. गच्चीवर परातीत, भर उन्हात. दोन दिवसांत पानं कुरकुरीत झाली खरी, पण रंग तंबाखूसारखा. देठांसकट मिक्सरला लावली. झाकण उघडलं तशी जी धूळ उडाली ती विचारू नका. ओठ गोड, नाक गोड. संध्याकाळी पोळीही गोड लागली आणि कुणालाच कारण कळेना. हात धुतले होते, ओढणी झटकायची राहिली होती!

पूड झाली खाकी. अण्णांच्या चहात अर्धा चमचा टाकली. वर हिरवट तवंग, खाली गाळ आणि चव आधी गोड, मग ज्येष्ठमध, मग कडू. अण्णांनी एक घोट घेतला, कप बशीत ठेवला आणि म्हणाले, "सूनबाई, मला खोकला नाहीये."

आता मुद्दा. विकत मिळते ती स्टीव्हियाची पूड पांढरीशुभ्र असते. एका व्हिडिओत बाई पानं उकळते, गाळते, पाणी आटवते, उन्हात ठेवते आणि वाटीत पांढरी भुकटी दाखवते. मी तंतोतंत तसंच केलं. माझ्या वाटीत चॉकलेटी चिकट डिंक तयार झाला, चमचा उभा राहील असा. माझं काय चुकलं? शेजारच्या काकू म्हणतात पाण्यात तुरटी फिरव, रंग खाली बसेल. कुणी म्हणतं खायचा चुना टाक. कुणी करून पाहिलंय का? आणि शुगरच्या गोळ्या चालू असताना हे रोज घेतलेलं चालतं का?

---

द्राक्षवाला (निफाड)

ताई, पांढऱ्या पुडीचं मला कळत नाही, पण तुमची पानं वाळवताना मेलीत एवढं नक्की सांगतो.

आमच्याकडे बेदाणा करतात. बेदाण्यात नाव तासगाव-सांगलीचं मोठं, पण पिंपळगाव-निफाड पट्ट्यातही होतो. हिरवा बेदाणा हवा असेल तर मणी उन्हात टाकत नाहीत. सावलीच्या शेडमध्ये जाळीवर टाकतात, वारा आरपार खेळला पाहिजे. ऊन लागलं की मणी लाल पडतो. तुमच्या पानाचं तेच झालं. जुलैत वारा होता, पण हवेतच पाणी होतं, आणि वर्तमानपत्रामुळे खालून वारा नाही. कागदाऐवजी जुनी मच्छरदाणी किंवा शेडनेटचा तुकडा दोन खुर्च्यांना बांधा, एकेरी थर टाका, सावलीत. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तीन दिवस बास. पान चुरलं की पापडासारखा आवाज आला पाहिजे, मध्ये कुठे वाकलं तर अजून ओल आहे.

वाळल्यावर पान हातानं ओरबाडून घ्या, काड्या फेका. गोडी पानात असते, काडीत नावाला. काडी दळली की नुसता चोथा आणि तुरटपणा वाढतो.

दुसरं, कापणी कधी केली? हिला फुलं यायच्या आत कापायची असते. कळी दिसली की कापा, पांढरी बारीक फुलं उमलली की पानातला माल उतरतो. ही लहान दिवसाची वनस्पती आहे, म्हणजे दिवस लहान असला की फुलणारी. आपल्याकडे जूनमधला मोठ्यात मोठा दिवससुद्धा सव्वातेरा तासांच्या आसपास, त्यामुळे नाशकात ही बया कायम फुलायच्या तयारीत. खुडत राहायचं. सकाळी दव उतरल्यावर कापा, जमिनीपासून चार बोटं ठेवून. परत फुटते.

आणि काळी माती असेल तर कुंडीतून काढा. पाणी धरून ठेवणारी माती हिला चालत नाही, मुळं सडतात. निम्मी माती, बाकी वाळू आणि शेणखत.

---

मुक्काम सिडको

एवढा खटाटोप कशाला? दुकानातून पाकीट आणा, विषय संपला.

---

निवृत्त (अंबड)

सिडकोकर, पाकिटाची मागची बाजू वाचून मग बोलू. शुद्ध स्टीव्हिया साखरेच्या दोनशे ते तीनशे पट गोड असतो. तेवढी चिमूट पाकिटात घातली तर गिऱ्हाईक म्हणेल रिकामंच दिलं. म्हणून त्यात भर घालतात. कुठे एरिथ्रिटॉल, कुठे लॅक्टोज, कुठे डेक्स्ट्रोज किंवा माल्टोडेक्स्ट्रिन. डेक्स्ट्रोज म्हणजे सरळ ग्लुकोज. मधुमेहाच्या माणसासाठी आणायचं तर घटकांची यादी वाचूनच आणावं.

आता गच्चीवाली ताई. मी तीस वर्षं अंबडच्या एका औषध कारखान्यात वनस्पतींचे अर्क काढायच्या विभागात होतो. तुमचं काहीही चुकलेलं नाही. तुमच्या वाटीत आला तो डिंकच खरा आहे. चूक व्हिडिओतल्या वाटीत आहे. आटवलेलं पाणी आणि पांढरी भुकटी यांच्यामध्ये बहुतेक वाटी बदलली गेली. दूध पावडर असेल किंवा पिठीसाखर असेल, पण ती त्या पातेल्यातली नव्हे.

कारण ऐका. चांगल्या वाणाच्या शंभर ग्रॅम वाळलेल्या पानांत गोड द्रव्यं साधारण दहा ग्रॅम. बाकीचे नव्वद म्हणजे तंतू, प्रथिनं, क्षार, टॅनिन (तुरट द्रव्यं), रंग. पानं गरम पाण्यात टाकली की गोडी पाण्यात उतरते, पण तिच्याबरोबर टॅनिन आणि तपकिरी रंगद्रव्यंही उतरतात. तुमचं पाणी हिरवं न होता चहाच्या रंगाचं झालं असेल, बरोबर? हरितद्रव्य पाण्यात विरघळत नाही, ते चोथ्यात राहतं. जे विरघळलं ते सगळं गाळणीतून खाली आलं. मग तुम्ही ते आटवलं. आटवल्यानं फक्त पाणी जातं, बाकी सगळे पाहुणे तिथेच बसून असतात.

कारखान्यात काय करतात? आधी चुना किंवा तत्सम काही घालून बराचसा गाळ खाली बसवतात, गाळतात. मग ते पाणी रेझिनच्या बारीक मण्यांनी भरलेल्या उंच नळकांड्यातून सोडतात. गोड रेणू मण्यांना चिकटतात, बाकीचं बरंचसं पाण्याबरोबर वाहून जातं. मग अल्कोहोल सोडून ती गोडी मण्यांवरून सोडवून घेतात. पुन्हा रंग काढणं, क्षार काढणं, आटवणं, स्फटिक करणं. तुम्ही सोनारांच्या घरातल्या, म्हणून सोपं सांगतो. तुमच्या गल्लीतली राख-माती झाडून नेऊन त्यातून सोन्याचे कण काढणारे झारेकरी आठवा. चाळणीनं काम भागलं असतं तर त्यांना पाऱ्याला आणि तेजाबाला हात लावावा लागला नसता.

चुना घरी अजिबात नको. कारखान्यात चुना घालतात तसा तो नंतर काढूनही घेतात, मोजतात. तुम्ही घातलेला तुम्ही काढणार कशानं? आणि तुरटी पाण्यात तरंगणारी माती बसवते. विरघळलेला रंग तिच्यानं पुरता जात नाही, उलट तुरटी अण्णांच्या पोटात जाईल.

आणखी एक, कारखान्यातल्या माणसानं सांगावं का माहीत नाही, पण सांगतो. हे झाड मूळचं पॅराग्वेचं. तिथले गुवारानी लोक फार पूर्वीपासून ते पान चावत आले, त्यांच्या कडू माटे चहात टाकत आले. बर्टोनी या वनस्पतीशास्त्रज्ञानं १८९९ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. पानातलं गोड द्रव्य वेगळं काढलं १९३१ मध्ये, दोन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी. ज्यांच्या परसात ते उगवत होतं त्यांना त्याआधी कधी पांढऱ्या पुडीवाचून अडलं नाही.

कडवटपणाचं म्हणाल तर तो थोडा पानाच्या जातीत आहे. पानात मुख्य दोन गोड द्रव्यं असतात, स्टीव्हिओसाइड आणि रेबाउडिओसाइड ए. पहिल्याला ज्येष्ठमधासारखी कडवट शेपटी आहे, दुसरं स्वच्छ गोड. तुमच्या रोपात पहिलं जास्त असणार. पण तुमचा अर्धा चमचा हा खरा गुन्हा आहे! एका मर्यादेनंतर गोडी वाढत नाही, फक्त कडवटपणा वाढतो. सोनाराच्या घरात तराजू असेलच. हिरवी पूड तोलून घाला. दोन चमचे साखरेच्या जागी अर्ध्या ग्रॅमच्याही खालून सुरुवात करा.

प्रमाणाबद्दल: संयुक्त राष्ट्रांच्या अन्नतज्ज्ञ समितीनं २००८ मध्ये रोजची मर्यादा घातली ती स्टीव्हिओलच्या (म्हणजे या गोड द्रव्यांच्या रेणूतल्या गाभ्याच्या) हिशेबात, वजनाच्या किलोमागे ४ मिलिग्रॅम. साठ किलोच्या माणसाला २४० मिलिग्रॅम. स्टीव्हिओसाइडमध्ये स्टीव्हिओलचा वाटा साधारण चाळीस टक्के, म्हणजे सुमारे ६०० मिलिग्रॅम स्टीव्हिओसाइड. दहा टक्के गोडीचं पान धरलं तर ते सहा ग्रॅम वाळक्या पानात आलं. तुम्ही दिवसाला दीड ग्रॅमच्या पुढे जाणार नाही. पण ही मर्यादा ९५ टक्के शुद्ध मालासाठी आहे, आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०१५ मध्ये काही पदार्थांत परवानगी दिली तीही शुद्ध मालालाच. पानाला हॉलमार्क नाही, एवढं समजून घ्या. शुगरच्या आणि बीपीच्या गोळ्या असतील तर डॉक्टरांच्या कानावर घाला, पहिले काही दिवस शुगर घरी तपासत राहा.

---

मुक्काम सिडको

काका, शरण. आमच्या पाकिटावर पहिलाच घटक डेक्स्ट्रोज निघाला. सहा महिने वडिलांना देतोय.

---

पंचवटीची माई

मी चार वर्षं वापरते आहे, म्हणून स्वयंपाकघरातलं सांगते.

पूड चहात टाकूच नकोस गं. पूड चहात कधीच विरघळणार नाही, पानच आहे ते, तळाशी बसणारच. जुन्या धुतलेल्या मलमलची सुपारीएवढी पोटली कर. पाणी, आलं, गवती चहा उकळला की गॅस बंद करून पोटली दोन मिनिटं बुडव, दाबू नको, काढून घे. मग चहापत्ती, मग दूध. पोटली घालून खळखळ उकळलं की कडू झालाच म्हणून समज.

सरबताला अर्क करून ठेवावा. वाटीभर चुरलेली पानं, दोन वाट्या कडकडीत पाणी, झाकून वीस मिनिटं. पंच्यातून गाळायचं, मंद आचेवर निम्मं करायचं. रंग चहासारखाच राहणार, त्याचं दुःख करायचं नाही. आठवडाभर फ्रीजमध्ये टिकतो, जास्त केला तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवते. लिंबाच्या आणि कोकमाच्या सरबतात कडवटपणा कळतच नाही, आंबट त्याला झाकतं. आवळ्यातही छान. दुधात मात्र उघडा पडतो.

काय होत नाही ते आधीच सांगते, म्हणजे माझ्यासारखं सामान वाया जाणार नाही. एकतारी पाक होत नाही, मग लाडू वळणार कशावर? मुरांबा टिकत नाही, कारण तिथे साखर नुसती गोडीला नसते, टिकवायलाही असते. नानकटाईला रंग चढत नाही, पांढरी फटक राहते. पुरणात गूळ नसेल तर ते पुरण नव्हे, शिजलेली डाळ. खिरीत चालतं, तेही वेलदोडा-जायफळ सढळ हातानं.

आणि पुडीचा सगळ्यात चांगला उपयोग कुणालाच सुचत नाही: मुखवास. भाजलेली बडीशेप, ओवा, तीळ, जवस, आणि चिमटीभर स्टीव्हियाची पूड. बडीशेपेची चव आणि हिची शेपटी एकाच गावची, कडू म्हणून काही वेगळं कळत नाही.

---

गच्चीवाली (इंदिरानगर, नाशिक)

निवृत्त काका, माई, द्राक्षवाले दादा, तिघांचेही मनापासून आभार. तीन आठवड्यांनी येतेय, कारण सगळं पहिल्यापासून केलं.

मच्छरदाणी बांधली. कळ्या दिसत होत्या तेव्हाच कापलं. नऊ कुंड्यांची ताजी पानं ४२० ग्रॅम, वाळून काड्या काढल्यावर ८८ ग्रॅम. यावेळी रंग हिरवा राहिला, सुक्या मेथीसारखा. खलबत्त्यात कुटली, मिक्सरला हात लावला नाही, ओढणीही काढून ठेवली होती.

तराजूचं सांगते. ह्यांनी गाळ्यातला छोटा डिजिटल काटा घरी आणला. मी ०.३६ ग्रॅम तोलत होते तेवढ्यात अण्णा मागून आले. "काय तोलतेस?" सांगितलं. म्हणाले, "असं पॉइंटात काय बोलतेस, तीन गुंजा म्हण की." आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, हे आमच्या घरात पाढ्यांच्या आधी शिकवतात, पण मला खरोखर सुचलं नव्हतं. गुंज म्हणजे साधारण ०.१२ ग्रॅम. अण्णांच्या डब्यात जुन्या खऱ्याखुऱ्या गुंजा आहेत, लाल, काळ्या टिकलीच्या. (त्या विषारी असतात, लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नका, हे लिहायलाच हवं.) तेव्हापासून आमच्याकडे प्रमाण ठरलं, कपाला तीन गुंजा, पोटलीत.

दोन गुंजा फिकं, चार गुंजा कडू. तीनावर अण्णा काही बोलले नाहीत. अण्णा काही न बोलणं म्हणजे पसंतीची पावती.

पण एक गंमत, आणि म्हणूनच परत लिहितेय. दुपारचा चहा त्यांना गोड लागतो. सकाळचा अजिबात नाही. तीच पूड, तीच पोटली, त्याच तीन गुंजा, मी स्वतः तोललेल्या. सकाळी म्हणतात "विसरलीस वाटतं." एकदा चार केल्या, तरी "फिका". मी घोट घेतला तर मला गोड आणि कडू दोन्ही. त्यांच्या जिभेला सकाळी काय होतं?

---

निवृत्त (अंबड)

सकाळी चहाच्या आधी काय घेतात? गोळ्या सोडून.

---

गच्चीवाली (इंदिरानगर, नाशिक)

गोळ्या नाश्त्यानंतर. आधी कोमट पाण्याबरोबर एक चूर्ण घेतात, कुणीतरी ओळखीच्यांनी दिलेलं. शुगरसाठीच. तोंडात टाकून, चघळून, मग पाणी. डबीवर नुसतं 'मधुनाशिनी' लिहिलंय.

---

निवृत्त (अंबड)

सापडला चोर!

मधुनाशिनी म्हणजे गुडमार, आपल्याकडे बेडकीचा पाला म्हणतात. वेल आहे. तिच्या पानात जिम्नेमिक आम्लं असतात, ती जिभेवरच्या गोड ओळखणाऱ्या जागाच अडवून धरतात. अर्धा-पाऊण तास साखर चाखली तरी वाळू खाल्ल्यासारखी लागते. खारट, आंबट, कडू मात्र नीट कळतं. स्टीव्हियाची गोडीही त्याच जागांवर कळते, तीही मारली जाते. म्हणजे अण्णा रोज सकाळी आधी कुलूप लावतात आणि मग तुम्हाला म्हणतात किल्ली चालत नाही.

ताई, हसण्यावारी नेऊ नका. गुडमारचा रक्तातल्या साखरेवरही परिणाम होतो. गोळ्या, त्यावर हे चूर्ण, हे डॉक्टरांना माहीत आहे का? स्टीव्हियापेक्षा हे आधी विचारा.

---

मुक्काम सिडको

काकांना पोलिसात घ्या कुणीतरी. धाग्यात एक भर घालतो, परवाच वाचलं म्हणून. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये सांगितलंय की वजन उतरवण्यासाठी असले साखरेचे पर्याय वापरू नका, त्यात स्टीव्हियाही धरलाय. पण आधीपासून मधुमेह असलेल्यांना ती शिफारस लागू नाही. म्हणजे अण्णांचं चालू द्या, मी माझ्या पोटासाठी मागवणार होतो ते रद्द.

---

पंचवटीची माई

पोटासाठी सिडकोतून रामकुंडापर्यंत चालत ये रोज. परत जाताना मुखवास देते.

---

गच्चीवाली (इंदिरानगर, नाशिक)

डॉक्टरांकडे जाऊन आलो. चूर्णाचं नाव काढल्यावर डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. अण्णा तीन महिने ते घेत होते आणि आमच्यापैकी कुणालाही त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नव्हतं. चूर्ण बंद. स्टीव्हियाला हरकत नाही म्हणाले, या प्रमाणात. पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ शुगर लिहून ठेवायला सांगितली आहे. वही अण्णांनीच घातली, गाळ्यातल्या उधारीच्या वहीसारखीच, लाल कापडी पुठ्ठ्याची.

सकाळचा चहा दुसऱ्या दिवशीच गोड झाला. पहिला घोट घेऊन अण्णा माझ्याकडे संशयानं बघत होते. साखर घातली असणार म्हणून.

डिंकाचं सांगायचं राहिलं. ती चॉकलेटी वाटी मी टाकली नव्हती. जरा गरम पाणी घालून पातळ केली, माईंच्या सांगण्याप्रमाणे लिंबू सरबतात थेंब थेंब टाकून संपवली. रंग बघून पाहुणे विचारतात कोकम का? मी हो म्हणते.

काल दुपारी गाळ्यावर डबा द्यायला गेले होते. अण्णांनी पूड तिकडे नेऊन ठेवली होती. नगांचे खडे ठेवायला सोनार करतात ना, पातळ कागदाची तिहेरी घडीची पुडी, तशा पुड्या मांडून बसले होते, प्रत्येकीत तीन गुंजा. एकवीस करून झाल्या होत्या, आठवड्याच्या. चष्म्यावरून बघत विचारलं, "देठांची घट किती धरली होतीस?"

म्हटलं, धरली नव्हती, देठं फेकून मग तोललं.

"मग ठीक आहे," म्हणाले आणि बाविसावी पुडी बांधायला घेतली. ती कुणाची, विचारलं तर शेजारच्या गाळ्यातल्या काकांकडे हनुवटी केली. त्यांनाही शुगर आहे. म्हणजे आता कुंड्या वाढवाव्या लागणार. दादा, थंडीत फाटे लागतात का, की फेब्रुवारीपर्यंत थांबू?

---

द्राक्षवाला (निफाड)

थांबा. आमच्याकडे पारा उतरला की ही झोपते, नाशकातही फार वेगळं नाही. फेब्रुवारीच्या मध्यावर शेंड्याचे चार बोटांचे फाटे घ्या, खालची पानं काढून ओल्या वाळूत टोचा, सावलीत ठेवा. बी घेऊ नका, हिचं बी फार कमी उगवतं. आणि फाटा गोड पानाच्या कुंडीचाच घ्या. नऊ कुंड्यांतलं एकेक पान चावून बघा, दोन मूळ रोपांत फरक असणारच. कमी कडू जे लागेल त्याचेच वाढवा. पान चावायला अण्णांना बसवा, आता जीभ मोकळी आहे त्यांची.